शंभरातली मी

‘‘टाके छान सुकलेत. आता पंधरा-वीस दिवसांत केमो सुरू करू. आठ डोस, दर तीन आठवड्यांनी एक. केस जातील, पण परत येतात. काळजी करू नका.’’

एवढं बोलून डॉक्टरांनी पुढची फाइल ओढली. त्यांचंही खरं होतं. बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुणी जतहून आलेलं, कुणी विजापूरहून. मी ‘बरं’ म्हणून उठले. दारापर्यंत गेलेसुद्धा. आणि तिथेच अडले.

बत्तीस वर्षं मी सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवलं. एखादा मुलगा नुसतं उत्तर लिहून वही पुढे करायचा, तेव्हा मी ती वही तशीच परत करायची. ‘‘उत्तर असू दे रे, रीत कुठाय?’’ आज माझ्या हातात कुणीतरी उत्तर ठेवलं होतं. रीत नव्हती.

मी मागे वळले. ‘‘डॉक्टर, गाठ तर पूर्ण निघाली म्हणालात ना? मग केमो कशासाठी?’’

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. रागावले नाहीत. ‘‘गाठीतून सुटलेल्या पेशी अंगात कुठे राहिल्या असतील तर त्यांच्यासाठी. राहिल्याच असतील असं नाही. पण असल्या तर?’’

हे ‘असल्या तर’ घेऊन मी घरी आले. पुढचे सहा आठवडे ते माझ्या उशाशी होतं.

ही गोष्ट २०२२च्या पावसाळ्यातली. मे महिन्यात मी निवृत्त झाले होते. जूनच्या अखेरीस आंघोळ करताना डाव्या स्तनात काहीतरी हाताला लागलं. हरभऱ्यापेक्षा मोठं, दुखत नाही, हलतही नाही. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं म्हणून मी आठ दिवस गप्प बसले. शिकल्यासवरलेल्या बाईनं हे सांगताना लाज वाटते, पण सांगायलाच हवं. मग मॅमोग्राफी, सुईची तपासणी, आणि जुलैच्या मध्यावर शस्त्रक्रिया. स्तन काढावा लागला नाही; गाठ, भोवतालचा थोडा भाग आणि काखेतल्या ग्रंथी तेवढ्या काढल्या.

दहा दिवसांनी अहवाल आला. गाठ २.४ सेंटिमीटर. ग्रेड दोन. काखेतल्या १४ ग्रंथींपैकी एकीत आजार पोचलेला. गाठ इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना प्रतिसाद देणारी. ‘हर-टू’ नकारात्मक. माझं वय ५८, पाळी जाऊन सात वर्षं झालेली. हे सगळे शब्द तेव्हा मला परक्या भाषेतले वाटत होते. पुढे त्यातल्या एकेका शब्दावर माझा निर्णय उभा राहणार होता, याची कल्पना नव्हती.

घरात मात्र निर्णय होऊन गेला होता. केमो घ्यायची. कारण आमच्या घरात अक्का होत्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. १९९४ साली, वयाच्या ४४व्या वर्षी त्यांना हाच आजार झाला. तेव्हा आम्ही सगळे गावभागातल्या जुन्या घरात एकत्र राहत होतो. अक्कांचा स्तन पूर्ण काढला. काखेतल्या पाच ग्रंथींत आजार होता. मग सहा महिने केमो. औषध देऊन आणलं की त्या माजघरात भिंतीकडे तोंड करून पडायच्या. फोडणीचा वास आला की उमाळा यायचा, म्हणून सहा महिने आमच्या घरात लसूण आणि हिंगाची फोडणी झाली नाही. बादली धरायला मी असायची. तिशीतली सून होते. शाळेतून आले की पदर खोचून आधी माजघरात. त्यांचा गुडघ्यापर्यंतचा शेपटा पातळ होत होत शेवटी करंगळीएवढा राहिला. एके दिवशी त्यांनी तो स्वतःच कात्रीनं कापला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ‘‘कुठंतरी टाकून ये. मला सांगू नकोस कुठं टाकलास ते.’’

पण अक्का जगल्या. दोन मुलांची लग्नं केली, नातवंडं खेळवली. त्यामुळे आमच्या घरात केमो म्हणजे काय, याचं उत्तर एकच: केमो म्हणजे अक्का.

मुलगा ठाण्याहून फोनवर म्हणाला, ‘‘आई, जे जे करण्यासारखं आहे ते सगळं करून टाकू. नंतर हळहळ नको.’’ यांनी तर डब्यांची यादीच केली: केमोच्या दिवशी कोण स्वयंपाक करणार, कोण दवाखान्यात बसणार. लेक पुण्याला, तिला पाचवा महिना लागलेला. डिसेंबरात ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे यायची होती. ती फोनवर काही बोलली नाही, नुसती रडली.

आता मनातलं खरं सांगते. मला केमो नको होती. आणि ती का नको, हे माझं मलाच नीट कळत नव्हतं. लेकीचं बाळंतपण करायचं म्हणून? का ती माजघरातली बादली अजून डोळ्यांसमोरून हलत नव्हती म्हणून? एका रात्री लेकीला मी म्हणाले, ‘‘डिसेंबरपर्यंत थांबता आलं तर बघू.’’ ती एकदम शांत आवाजात म्हणाली, ‘‘आई, माझ्या बाळंतपणासाठी तू केमो नाकारणार असशील, तर मी येतच नाही. मला आई हवीय, सुईण नकोय.’’

त्या वाक्यानं माझी झोप उडाली आणि डोकंही ताळ्यावर आलं. भीतीपोटी ‘नाही’ म्हणणं जितकं चूक, तितकंच भीतीपोटी ‘हो’ म्हणणंही चूकच. यांची भीती, मुलाची भीती, माझी भीती, सगळ्यांच्या भीतीची बेरीज करून उत्तर कसं येणार?

याच दिवसांत सल्ल्यांचाही सुकाळ झाला. कुणी गव्हांकुरांचा रस सांगितला, कुणी गोमूत्र. नात्यातल्या एका गृहस्थांनी तर एका वैदूचा पत्ताच आणून दिला. ‘‘केमोबिमो काही लागत नाही, ते सगळं पैसे काढायचं काम’’ म्हणाले. त्यांना चहा दिला आणि पत्ता फाडून टाकला. उपचार नाकारायचे नव्हते मला. कोणता उपचार कशासाठी, एवढंच समजून घ्यायचं होतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं: रीत. आणि वाचायला बसले.

केमोथेरपीचा जन्म युद्धातला. मस्टर्ड गॅस या विषारी वायूनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी नष्ट होतात, हे लक्षात आल्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत त्याच कुळातलं रसायन रक्ताच्या कर्करोगांवर वापरून पाहिलं गेलं. पुढे औषधं वाढत गेली. पण स्तनाच्या कर्करोगात तोवर सगळी भिस्त सुरीवर होती. हॉलस्टेड या अमेरिकन शल्यविशारदानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनासकट छातीचे स्नायूही काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि जवळजवळ पाऊणशे वर्षं तीच चालू राहिली. तरीही बायका दगावत होत्या. बर्नार्ड फिशर यांनी त्याचं कारण मांडलं: सुरी कितीही खोल गेली तरी आजाराच्या पेशी आधीच रक्तातून दूर गेलेल्या असू शकतात. त्यांना गाठायचं तर औषधही रक्तातूनच जायला हवं.

इटलीतल्या मिलान शहरात जियान्नी बोनाडोना यांनी हे करून दाखवलं. काखेतल्या ग्रंथींत आजार पोचलेल्या ३८६ स्त्रियांना त्यांनी दोन गटांत विभागलं. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमो, दुसऱ्याला नुसती शस्त्रक्रिया. १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केमो घेतलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. अक्कांना १९९४ साली दिलेली केमो ती हीच, ‘सीएमएफ’. त्यातलं ‘सी’ म्हणजे मस्टर्ड गॅसच्याच कुळातलं औषध. आणि ‘एम’, म्हणजे मेथोट्रेक्सेट, ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. माजघरातल्या त्या सलाइनच्या बाटलीमागे एवढा इतिहास होता, हे मला अठ्ठावीस वर्षांनी कळलं.

मग आकडे आले. २०१२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १२३ अभ्यासांतल्या सुमारे १ लाख स्त्रियांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. केमोमुळे स्तनाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी होतो, असं त्यात दिसलं. मुलानं हेच वाचून मला फोन केला, ‘‘बघ आई, तेहतीस टक्के!’’

पण नववीच्या वर्गात मी पोरांना काय घोकून घ्यायची? टक्के म्हटलं की आधी विचारा, कशाचे टक्के?

समजा, शंभर बायकांपैकी केमोविना तीस जणी दगावणार असतील, तर तिसरा हिस्सा म्हणजे दहा जणी वाचल्या. मोठी गोष्ट आहे. पण शंभरांपैकी सहाच जणी दगावणार असतील, तर वाचल्या दोघी. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणींपैकी चौऱ्याण्णव केमो न घेताही जगणारच होत्या, आणि चौघी घेऊनही वाचणार नव्हत्या. पण केस जाणं, वांत्या, रक्तातल्या पेशी उतरून होणारे जंतुसंसर्ग, हातापायांची बधिरता, क्वचित हृदयाला होणारी इजा, हे मात्र शंभरातल्या कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. दोघींसाठी शंभर जणींनी हे सोसायचं का? आता ‘नाही’ म्हणणं सोपं वाटतं. पण त्या दोघींतली एक मीच असले तर?

म्हणजे प्रश्न ‘केमो चांगली की वाईट’ हा नव्हताच. प्रश्न होता, मी कोणत्या शंभरातली?

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो, दुसरं मत घ्यायला. निघताना मला चोरट्यासारखं वाटत होतं. आपल्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं. हे म्हणाले, ‘‘अगं, घर बांधताना आपण दोन मिस्त्रींना विचारलं होतं की.’’

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी अहवाल वाचला आणि एका कोऱ्या कागदावर दहा ओळींत दहा-दहा टिंबं काढली. हाडाच्या शिक्षिका वाटल्या मला त्या. म्हणाल्या, ‘‘गाठीचा आकार आणि ग्रंथींची संख्या यावरून धोका किती, याचा अंदाज येतो. पण केमोचा उपयोग किती, हे गाठीच्या स्वभावावर असतं. तुमची गाठ संप्रेरकांवर पोसलेली आहे. ते तोडणारी गोळी तुम्हाला पाच वर्षं किंवा जास्त घ्यावीच लागेल. तो तुमचा मुख्य उपचार आहे. रेडिएशनही चुकणार नाही. त्यावर केमोची भर घातली तर आणखी काही पदरात पडेल का, एवढंच बघायचंय.’’

आणि त्यांनी एका चाचणीबद्दल सांगितलं. गाठीच्या पेशींतली २१ जनुकं तपासून ० ते १०० असा एक गुण देतात. २०१८ साली तिच्यावर आधारलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काखेत आजार न पोचलेल्या १० हजारांवर स्त्रिया त्यात होत्या. ज्यांचा गुण मधला, म्हणजे ११ ते २५ आला, त्यांच्यापैकी निम्म्यांना नुसत्या गोळ्या आणि निम्म्यांना केमो व गोळ्या दिल्या. नऊ वर्षांनी दोन्ही गटांत शंभरातल्या जवळजवळ ९४ जणी हयात होत्या. ५० वर्षांच्या आतल्या काहीजणींना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला.

‘‘पण माझ्या तर एका ग्रंथीत आजार आहे,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणूनच दुसरा अभ्यास झाला, २०२१ सालचा. एक ते तीन ग्रंथी असलेल्या, आणि गुण २५ पर्यंत असलेल्या ५ हजार स्त्रियांचा. पाळी गेलेल्या स्त्रियांत पाच वर्षांनी, नुसत्या गोळ्या घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ९२ जणी कॅन्सरविना हयात होत्या. केमो आणि गोळ्या घेणाऱ्या सुमारे ९१. म्हणजे केमोनं काही भर घातली नाही. पाळी चालू असलेल्यांत मात्र घातली. ८९ च्या जागी ९४.’’ मग क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘‘एक गोष्ट लपवत नाही. नऊ देशांत झालेल्या त्या अभ्यासात भारत नव्हता. आणि पाच वर्षं म्हणजे अख्खा जन्म नव्हे. ही संप्रेरकांवरची गाठ दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकते. पण आज हातात असलेला सगळ्यात चांगला पुरावा हा आहे.’’

चाचणीचा खर्च ऐकून मी पर्स उचलली. लाखांच्या घरात! गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, तो अमेरिकेला पाठवायचा. आमच्या गावात आठही डोसांची केमो याहून स्वस्तात झाली असती. त्यांनी भारतात विकसित झालेल्या, कमी खर्चाच्या एका चाचणीचंही नाव सांगितलं. पण तिच्यामागे अजून एवढे मोठे अभ्यास नाहीत, हेही सांगितलं.

परतीच्या गाडीत मी यांना म्हटलं, ‘‘जाऊ दे. केमोच घेते. पैसे तरी वाचतील.’’ हे काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बँकेची पावती माझ्यासमोर ठेवली. निवृत्तीनंतर काशी-रामेश्वर करायचं म्हणून ठेवलेली मुदतठेव मोडून आले होते. म्हणाले, ‘‘रीत पाहिजे होती ना तुला?’’

सदतीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला फूल म्हणून कधी आणलं नाही. तो हिशेब त्या दिवशी पुरा झाला.

पॅथॉलॉजीच्या खिडकीतून सही करून तो ठोकळा मी स्वतः घेतला. काडेपेटीपेक्षाही लहान. आपला आजार तळहातावर घेऊन आपण उभ्या आहोत, हा अनुभव विचित्र होता. कुरिअर गेलं आणि वाट पाहणं सुरू झालं. केमो घ्यायची झाली तर फार लांबवून चालणार नव्हतं; शस्त्रक्रियेनंतर किती आठवडे झाले, हे मी कॅलेंडरवर रोज मोजायची.

गुण आला २१.

मला वाटलं होतं, आकडा आला की प्रश्न मिटेल. कुठलं काय! मुलगा म्हणाला, ‘‘पंचवीसच्या किती जवळ आहे!’’ हे म्हणाले, ‘‘पंचवीसच्या आत तर आहे.’’ एकच आकडा, पण एकाला काठ दिसला, एकाला अंतर. मुंबईच्या बाईंनी फोनवर सांगितलं, ‘‘मी केमो देणार नाही. पण तुमच्या मनाला टोचणी लागून राहणार असेल तर पुन्हा बोलू. निर्णय तुमचा.’’

निर्णय तुमचा. आयुष्यभर मी म्हणत आले, बाईला कुणी विचारत नाही. आता विचारलं, तर घशाला कोरड पडली.

मी अक्कांकडे गेले. त्या आता ७२ वर्षांच्या, विश्रामबागेत मुलाकडे राहतात. मी त्यांना सगळं सांगितलं. टिंबं काढून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘तुला काय वाटतं, मी केमो घेतली ते फार धीराची म्हणून? मला कुणी विचारलंच नव्हतं गं. तुझ्या भावोजींना डॉक्टरांनी सांगितलं, आणि मला रिक्षात बसवलं. विचारलं असतं तर नकोच म्हणाले असते. न विचारल्यानं मी वाचले, असं समज.’’

‘‘मग मी काय करू, अक्का?’’

‘‘माझी पाच गाठींत गेलेली. पाळी चालू. तेव्हा हे असलं तपासायचं कुणाला ठाऊकच नव्हतं. माझं औषध माझ्या दुखण्याचं. माझ्याकडे बघून तू घेऊ नकोस, आणि माझी बादली आठवून सोडूही नकोस. तुला विचारलंय ना? मग उत्तर तू दे.’’

निघताना त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. त्यांच्या शेपटाचं मी काय केलं, ते त्यांनी अजूनही विचारलेलं नाही.

त्या रात्री मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: वय, पाळी, गाठीचा आकार, ग्रंथी, संप्रेरकं, गुण, दोन अभ्यास, त्यांच्या मर्यादा. खाली लिहिलं, ‘केमो घेणार नाही. रेडिएशन घेणार. गोळी एक दिवसही चुकवणार नाही.’ तारीख घातली, सही केली. शेजारी यांची सही घेतली. मुलाला फोटो काढून पाठवला. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. ‘‘आई, पटलं असं म्हणत नाही. पण समजलं.’’ मला तेवढं पुरेसं होतं.

आता आमच्या इथल्या डॉक्टरांना तोंड कसं दाखवायचं, ही धाकधूक होती. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. म्हणाले, ‘‘ठीक आहे. नको देऊ या.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘बाई, ही चाचणी मला माहीत नव्हती असं नाही. परवडणारे फार थोडे येतात. केमो योजनेत बसते, चाचणी बसत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांना सांगून काय करू? आपण काहीतरी कमी केलं, ही रुखरुख त्यांना जन्मभर.’’ त्यांच्यावरचा माझा राग तिथे विरघळला. पण प्रश्न विरघळला नाही. माझ्याकडे मोडायला ठेव होती. ज्या बाईकडे नाही तिचं काय? तिच्यासाठी वय, ग्रेड, ग्रंथी, संप्रेरकं यांवरूनच डॉक्टर ठरवतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही ठरतं. पण ते ठरवताना तिच्याशी दोन वाक्यं बोलायला तर पैसे पडत नाहीत!

रेडिएशनच्या रांगेत रोज एक पोरसवदा बाई भेटायची. जतजवळच्या खेड्यातली, छत्तीस वर्षांची, डोक्याला घट्ट स्कार्फ. तिची गाठ वेगळी. संप्रेरकांना जुमानत नाही आणि ‘हर-टू’ही नाही, अशी. गोळ्यांचा तिला काडीचा उपयोग नव्हता. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, आता हे. योजनेतून सगळं मोफत झालं होतं. एकदा तिनं भीत भीत विचारलं, ‘‘बाई, तुमचे केस कसे काय गेले न्हाईत?’’

माझ्या जिभेवर शब्द येईना. शेवटी म्हटलं, ‘‘माझ्या आजाराला ते औषध लागू पडत नव्हतं गं. तुझ्या आजाराला पडलं.’’ ती हसली. ‘‘पडलं तर! गाठ पार विरघळली म्हनं डाक्टर. उलट्यांनी जीव गेला, पर ती बी गेली.’’

त्या पोरीसमोर मला ‘मी केमो घेतली नाही’ ही काही मिरवायची गोष्ट वाटली नाही, आणि आजही वाटत नाही. माझ्याच एखाद्या बहिणीनं हे वाचून तिची केमो सोडली, तर हा लेख लिहून मी पाप केलं असं होईल. काही गाठींना केमो हाच आधार असतो. तिथे मागेपुढे पाहू नये. माझं म्हणणं एवढंच, की विचारावं. माझी गाठ कोणत्या जातीची? केमोनं माझ्यासारख्या शंभर जणींतल्या किती जणींचा फायदा होतो? घेतली नाही तर दुसरे कोणते उपचार होणार? आणि ठरवायला माझ्याकडे किती दिवस आहेत? हे चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, सोबत कुणालातरी न्यावं. आत गेल्यावर आपल्याला निम्मंच ऐकू येतं.

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली. डिसेंबरात लेकीचं बाळंतपण झालं. डावा हात जपत का होईना, नातीला पहिली आंघोळ मीच घातली. गोळी चालू आहे. तिनं सांधे धरतात, जिना उतरताना कठड्याला हात लावावा लागतो, हाडांची तपासणी होते. दर सहा महिन्यांनी तपासणीच्या आदल्या रात्री आम्ही दोघंही जागे असतो आणि दोघंही झोपल्याचं सोंग करतो.

लोक म्हणतात, ‘‘तुमचा निर्णय बरोबर ठरला हो!’’ मी नुसती हसते. तो बरोबर ठरला की नाही, हे कधीच कळणार नाही. उद्या आजार उलटला तर ‘केमो घेतली असती तर...’ असं म्हणणारे भेटतील, पण घेतली असती तरी तो उलटला नसता असं नाही. आणि नाहीच उलटला, तरी तो नशिबानं, गोळीनं की सुरीनं, हे कोण सांगणार? अभ्यासाला शंभर जणी दिसतात. त्यांतली मी कोणती, हे त्याला दिसत नाही, मलाही नाही.

म्हणून ती वही मी जपून ठेवली आहे. कधी काळी वाईट दिवस आलाच, तर पहिल्यांदा तीच उघडीन. इतक्या वर्षांत पोरांच्या उत्तरपत्रिका तपासताना एक नियम मी कधी मोडला नाही. शेवटचं उत्तर चुकलं तरी रीतीचे गुण कापायचे नाहीत.